जुने दप्तर आणि आपला हक्क



या व्याख्यानमालेत आपण साहित्य ऐकता, इतिहास ऐकता, अध्यात्मही ऐकता. आजचा विषय त्यामानाने रुक्ष आहे. तो कचेरीतल्या दप्तराचा आहे. परंतु वडिलांच्या पश्चात ज्याला आपल्याच शेताची जुनी नोंद सापडेनाशी होते, त्याला तो मुळीच रुक्ष वाटत नाही.

आपला जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि शेजारची बार्शी इंग्रजी अमलात. मध्ये एखादा ओढा आडवा असेल, पण पलीकडे मामलेदार कचेरी आणि अलीकडे तहसील. दोघांचे कायदे निराळे, कागद निराळे. आपल्याकडे वरच्या कचेऱ्यांत आधी फारसी आणि मग उर्दू चाले. गावच्या पटवाऱ्याच्या बस्त्यात मोडीही सापडते. तेव्हा बार्शीच्या पाहुण्याने सांगितलेली युक्ती येथे लागू पडेलच असे नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १५ ऑगस्ट १९६७ रोजी अमलात आली. तोवर येथे हैदराबादचा जमीन महसूल कायदा होता आणि तो होता १३१७ फसलीचा. म्हणून १९५० च्या आसपासची नोंद हवी असेल तर केवळ ‘जुना सातबारा द्या’ म्हणून भागत नाही. खासरा पत्रक मागा, पाहणी पत्रक मागा, सेतवार मागा. १९५४-५५ चे खासरा पत्रक तर मराठवाड्यातल्या वादांत पुनःपुन्हा पुढे येते. कुळाचा प्रश्न असेल तर १९५० च्या हैदराबाद कूळकायद्याखालील नोंदी पाहाव्या लागतात. देवस्थानाची किंवा इनामाची जमीन असेल तर ‘मुंतखब’ हा शब्द पाठ करून ठेवावा. इनामाच्या चौकशीनंतर निघालेला तो हुकूम होय.

फसली सालाला कित्येक जण बिचकतात. तसे कारण नाही. हैदराबादच्या फसली सालात ५९० मिळवले की साल सुरू होतानाचे इसवी साल मिळते. वर्ष ऑक्टोबरात सुरू होई, म्हणून पुढच्या जानेवारीपासून ५९१ मिळवावे. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. एवढा हिशेब घरी करून गेलात तर कारकुनाचे निम्मे काम झाले, आणि त्याचा ‘उद्या या’ म्हणण्याचा उत्साहही थोडा कमी होतो.

आता दप्तर आहे कोठे? येथेच माणूस थकतो, कारण हद्दी हलल्या आहेत. निलंग्याच्या गृहस्थाचे उदाहरण घ्या. १९५६ पूर्वी निलंगा बीदर जिल्ह्यात, नंतर उस्मानाबादेत, आणि १९८२ साली लातूर वेगळा झाल्यापासून लातुरात. तालुका तोच, जिल्ह्याची ठाणी मात्र तीन! आपल्या जिल्ह्याचेही नाव पूर्वी नळदुर्ग, मग उस्मानाबाद, आणि २०२३ पासून धाराशिव. जुन्या याद्यांत शोधताना तिन्ही नावे पाहावीत. १८५३ ते १८६० हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात होता आणि नळदुर्गास मेडोज टेलर कारभार पाहत होता, हेही ध्यानात असू द्यावे. निजामाच्या दरबारचे कागद हैदराबादच्या पुराभिलेखागारात आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा कुणबी नोंदींसाठी हैदराबादचीही दप्तरे चाळली गेली. त्या वादात मी शिरत नाही. इतकेच सांगतो की जे कागद वर्षानुवर्षे कोणी उघडले नव्हते, त्यांच्यावर एकाएकी हजारो घरांच्या मुलांचे शिक्षण आणि नोकऱ्या अवलंबून असल्याचे लोकांना कळले.

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर सास्तूर आणि आसपासच्या गावांतील माणसांना हे त्याहून कठोर रीतीने कळले होते. ढिगाऱ्याखाली माणसे गेली, तेथे खरेदीखतांची काय कथा! अशा वेळी सरकारी प्रत हाच आधार. आणि खरेदीखताची प्रत कोणाच्या मेहेरबानीची गोष्ट नव्हे. १९०८ च्या नोंदणी कायद्याने स्थावर मिळकतीची सूची, जिला आपण इंडेक्स दोन म्हणतो, ठरलेली फी भरून कोणासही पाहता येते. जमिनीचे नकाशे आणि अभिलेख पाहू देण्याची व नक्कल देण्याची तरतूद महसूल संहितेच्या कलम ३२७ मध्ये आहे. प्रथम हा सरळ मार्ग धरावा. नकलेचा साधा अर्ज द्यावा, गाव, सर्व्हे नंबर आणि साल स्पष्ट लिहावे, आणि पोच घेतल्याशिवाय पायरी उतरू नये.

तरीही दाद लागली नाही तर २००५ चा माहिती अधिकार आहे. स्वीडनमध्ये असा कायदा १७६६ सालीच झाला. आपण उशिरा जागे झालो, पण महाराष्ट्र त्यातही दिल्लीच्या आधी, २००२ मध्ये. अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावावा, विषय एकच ठेवावा, मजकूर १५० शब्दांच्या आत आवरावा. माहिती कशासाठी हवी हे सांगण्याची सक्ती नाही. कोणी विचारलेच तर हसून गप्प राहावे. तीस दिवसांत उत्तर न आले, किंवा आलेले पटले नाही, तर पुढील तीस दिवसांत पहिले अपील करावे. माझा आग्रह असा की प्रथम प्रती न मागता दप्तराची पाहणी मागावी. कोणते पान हवे हे ठाऊक नसताना प्रती मागणारा पैसे भरतो आणि नको ते पान घेऊन घरी येतो.

शेवटी त्या प्रसिद्ध वाक्याकडे येतो: ‘अभिलेख आढळून येत नाही.’ हे ऐकून बहुतेक लोक परत फिरतात. फिरू नका. सरकारी कागदांचे वर्ग ठरलेले असतात: ‘अ’ कायम ठेवण्याचे, ‘ब’ तीस वर्षे, ‘क’ दहा वर्षे, ‘ड’ एक वर्ष. तेव्हा दुसरा अर्ज करून विचारावे की हा कागद कोणत्या वर्गातला होता, नष्ट केला असल्यास कोणत्या आदेशाने आणि कोणत्या तारखेस, आणि नाश केलेल्या कागदांच्या यादीची प्रत द्यावी. ‘अ’ वर्गाचा कागद नष्ट करण्याची मुभाच नाही, म्हणून या प्रश्नाचे उत्तर लिहिण्यापूर्वी अधिकाऱ्याला एकदा तरी अभिलेख कक्षात जाऊन गठ्ठे पाहावे लागतात. कागद मिळाला आणि तो उर्दूत असला, तर गावातल्या उर्दू शाळेच्या वयस्क गुरुजींकडे जावे. शिकस्ता वळणाचे जुने अक्षर वाचणारे आता थोडे उरले आहेत, तेव्हा हे काम पुढच्या वर्षावर टाकू नये.