हाताला नवं काम : मालिश

शिरवळच्या कारखान्यांत पाळीवर उभं राहून राबणाऱ्यांपैकी कुणाच्या मनात नोकरी सोडून मालिश शिकावी असं येत असेल, तर आजचं बोलणं त्यांच्यासाठी.

ही विद्या आपल्या मातीला परकी नाही. १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक जिंकणारे खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे. आपल्याकडच्या तालमींत आजही मेहनतीनंतर पैलवान एकमेकांचं अंग रगडतात. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ-माखू घालणाऱ्या बायकांच्या हातात तर पिढ्यांचं शिक्षण आहे. त्यांना कमी लेखणं मला मुळीच पटत नाही.

पण पोटापाण्यासाठी उतरायचं तर रीतसर शिका. नुसत्या अंगठ्यानं जोर लावलात, तर आधी तुमचाच अंगठा दुखावेल. टेबल सैल सोडलेल्या हाताच्या मुठीइतकं उंच ठेवा आणि अंगाचा भार पुढं झुकवा. समोरच्याला ताप असेल, हाड मोडलेलं असेल, तर हात लावू नका. एकच पाय अचानक सुजून दुखत असेल, तर आत रक्ताची गुठळी असू शकते. थेट डॉक्टरांकडे पाठवा. फिजिओथेरपी ही स्वतंत्र पदवी आहे, मालिशीच्या कोर्सवर तसा फलक लावू नका.

आणि हातातली नोकरी लगेच सोडू नका. सुट्टीच्या दिवशी शिकायला लागा.