धर्माच्या रकान्यात मी काय लिहू?

मागच्या वेळी आपण अंतर्गत कर्जाच्या व्याजाचा हिशेब पाहिला. आजचा विषय पैशाचा नाही. तरी तो कागदाशी जोडलेला आहे, म्हणून चूल आवरून दहा मिनिटं निवांत बसा आणि ऐका.

शाळेच्या दाखल्यावर, जनगणनेच्या पत्रकात ‘धर्म’ असा एक रकाना असतो. तो कोण भरतं? दारात आलेल्या माणसाला बहुतेक घरांत कर्ता पुरुष उत्तर देतो, आणि एका दमात सहा जणांचा धर्म लिहून होतो. बाईला वेगळं विचारायची रीत नाही. लग्न झालं की आपलं आडनाव बदलतं, तसं कुलदैवतही बदलतं. माहेरी जेजुरीला जायचो, सासरी तुळजापूर असतं. तिकडे तळी भरायचो, इकडे गोंधळ असतो. त्याबद्दल आपली तक्रार असते असंही नाही. पण ‘तुला स्वतःला काय वाटतं गं?’ हे विचारायचं राहूनच जातं.

मध्यंतरी एका गटाची मासिक बैठक झाली. वसुली झाली, वहीवर सह्या झाल्या, बाया निघाल्या. एक वहिनी मागे थांबल्या. म्हणाल्या, “ताई, मला देवळात जाऊन काही वाटत नाही. पण पहिल्या पावसानंतर वाफ्यात हात घातला की वाटतं, हाच तो. मुंगी, म्हैस, विहीर, मी, सगळं एकच. घरात मला नास्तिक म्हणतात. मी नास्तिक आहे का? नसेन, तर मग कोण आहे?”

वहिनी जे सांगत होत्या त्याला एक शब्द आहे. मला तो बी.ए.च्या तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात भेटला होता: सर्वेश्वरवाद. हे सगळं जग, झाडं, दगड, तारे, माणसं, जनावरं, हेच ईश्वर आहे. त्याच्या बाहेर, वर कुठेतरी बसलेला वेगळा कुणी नाही, असं मानणं म्हणजे सर्वेश्वरवाद. असं मानणारी ती सर्वेश्वरवादी. इंग्रजीत ‘पॅन्थिइस्ट’ म्हणतात. ग्रीक भाषेत ‘पॅन’ म्हणजे सर्व आणि ‘थिऑस’ म्हणजे देव. जॉन टोलंड नावाच्या आयरिश लेखकाने १७०५ मध्ये हा शब्द वापरात आणला.

या विचारासाठी ज्याचं नाव सगळ्यात आधी घेतात तो स्पिनोझा. १६३२ मध्ये हॉलंडमधल्या ॲमस्टरडॅम शहरात, ज्यू घरात जन्मला. देव आणि निसर्ग ही एकाच गोष्टीची दोन नावं आहेत, असं त्याने पुढे मांडलं. १६५६ मध्ये, तेवीस वर्षांचा असताना, त्याच्या समाजाने त्याला वाळीत टाकलं. त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, त्याच्या छपराखाली राहायचं नाही, असा तो हुकूम होता. पुढे चष्म्याची आणि दुर्बिणीची भिंगं घासून तो पोट भरत राहिला. १६७७ मध्ये तो वारला आणि त्याचं मुख्य पुस्तक त्यानंतर त्याच वर्षी छापलं गेलं. लोक त्याला काय म्हणायचे माहीत आहे? नास्तिक! सर्वेश्वरवादी हा शब्द तर तो गेल्यावर अठ्ठावीस वर्षांनी आला. म्हणजे त्याला मिळालेली दोन्ही नावं दुसऱ्यांनी दिलेली. आपल्याला निदान स्वतःचं नाव स्वतः निवडायची सोय आहे.

पण नाव घेण्याआधी ते पारखून घ्यावं. बाजारात साडी घेताना आपण पदर उलगडून बघतो, तसंच.

पहिली पारख: शेजारच्या नावांपेक्षा हे वेगळं कुठे आहे? नास्तिक म्हणतो, देव नाही. सर्वेश्वरवादी म्हणते, जे आहे ते सगळं देव. म्हणून वहिनींना नास्तिक म्हणणं बरोबर नाही. वारकरीही सगळ्यांत विठ्ठल बघतात. अरणच्या सावता माळ्यांना तर मळ्यातल्या भाजीपाल्यातच विठ्ठल दिसला. पण वारकऱ्याचा विठ्ठल विटेवरही उभा आहे. त्याला माउली म्हणता येतं, त्याच्यावर रुसता येतं, त्याला भेटायला पंढरीला चालत जाता येतं. सर्वेश्वरवादात असा हाक ऐकणारा कुणी नाही. मग नवस बोलायला जागा राहत नाही. स्वतःलाच विचारा, लेकरू तापाने फणफणलं की माझ्या तोंडून नवस निघतो का? निघत असेल, तर हे नाव तुमच्या मापाचं नसेल, किंवा अर्धंच असेल. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

देवराईचंही असंच. सह्याद्रीत आणि कोकणात देवाच्या नावाने राखलेली रानं आहेत. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात त्यांचा अभ्यास केला. अनेक देवरायांत पडलेली काटकीसुद्धा उचलत नाहीत. पण राईची हद्द संपली की कुऱ्हाड चालते. आत देवी, बाहेर जळण. सर्वेश्वरवादीला ही हद्द मानता येत नाही. तिच्या लेखी बाहेरचं झुडूपही तेच आणि गावाच्या ओढ्यात आपण टाकतो त्या प्लास्टिकखालचं पाणीही तेच. म्हणजे हे नाव सोपं नाही. सगळं देव म्हटलं की सगळ्याशी वागणं सांभाळावं लागतं.

दुसरी पारख आमच्या एका मावशींनी काढली. मी बैठकीत हा विषय मांडला तेव्हा त्या म्हणाल्या, “सगळं देव, तर टोमॅटोवरची अळी पण देव? आणि दारू पिऊन हात उचलणारा तोही देवच म्हणायचा का?” सगळ्या गप्प झाल्या.

प्रश्न खरा आहे. ‘सगळं त्याचंच रूप आहे, सोस’ हे बाईला सांगायला सगळे तयार असतात. मी मावशींना स्पिनोझाचं म्हणणं माझ्या शब्दांत सांगितलं. निसर्ग कुणाचं भलं करायला चालत नाही आणि कुणाचं वाईट करायलाही नाही. भलं-वाईट आपण ठरवतो, आपल्याला काय तारतं आणि काय मारतं यावरून. अळी निसर्गाची आहे हे मानूनही पीक वाचवता येतं. मारणारा माणूस असा का झाला, हे समजूनही त्याचा हात धरता येतो. त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहेत, महिलांसाठी १८१ आणि तातडीसाठी ११२ हे फोन नंबर आहेत. आणि सगळंच देव असेल, तर मार खाणारी बाईही देवच आहे की! हे तिला कुणी सांगत नाही. ज्या नावाचा उपयोग तुम्हाला गप्प बसवायला होतो, ते नाव घेऊ नका, मग ते कितीही सुंदर असो.

आता कागदाकडे येऊ. २०११ च्या जनगणनेच्या पत्रकात सहा धर्मांना क्रमांक होते: हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, जैन. कुणी याखेरीज वेगळं नाव सांगितलं, तर ते पूर्ण नाव लिहायचं होतं. जे सांगितलं तेच लिहायचं, वाद घालायचा नाही, अशी प्रगणकाला सूचना होती. ‘धर्म नाही’ हेही उत्तर चालत होतं. त्या वेळी देशात सुमारे ४९ लाख ५७ हजार लोकांनी ‘सरना’ असं लिहवलं. सरना म्हणजे झारखंड आणि आसपासच्या आदिवासींची गावाजवळची पवित्र राई, आणि त्यावरून त्यांच्या धर्माचं नाव. दहा लाखांहून जास्त लोकांनी गोंडी धर्म सांगितला. त्यांना मी सर्वेश्वरवादी म्हणत नाही. त्यांचे देव, पुजारी, सण त्यांचे स्वतःचे आहेत. पण त्यांनी सगळ्यांनी मिळून एक नाव लिहवलं, म्हणून त्यांची मोजणी झाली. त्याच जोरावर झारखंड विधानसभेने नोव्हेंबर २०२० मध्ये सरनासाठी वेगळ्या क्रमांकाची मागणी करणारा ठराव केला.

आपल्याकडे सप्टेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं आहे की, सरकार कुणालाही धर्म सांगायची सक्ती करू शकत नाही. ‘मला कुठलाच धर्म नाही’ असं म्हणायचा हक्कही घटनेच्या २५ व्या कलमात येतो. आता २०२७ ची जनगणना होतेय. जनगणनेत सांगितलेलं १९४८ च्या कायद्याने गुप्त राहतं. तिथल्या उत्तराने तुमचा जातीचा दाखला बदलत नाही.

दाखल्याचं मात्र वेगळं आहे, हे नीट ऐका. अनुसूचित जातीचा दर्जा १९५० च्या आदेशानुसार हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच मिळतो. अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही. म्हणून मुलाच्या शाळेच्या दाखल्यावरचा धर्म बदलायचा विचार असेल, तर शिष्यवृत्ती आणि आरक्षणावर काय परिणाम होईल ते आधी तहसील कार्यालयात किंवा तालुक्याच्या विधी सेवा समितीत विचारा. तिथे बायांना मोफत सल्ला मिळतो. मनातलं नाव आज घ्या, कागदावरचं नाव चौकशी करून घ्या. दोन्ही एकाच दिवशी जुळायला हवीत असं नाही.

आणि घरात? त्या वहिनींनी सासूबाईंना ‘मी सर्वेश्वरवादी’ असं सांगितलेलं नाही. त्या घटस्थापनेला पत्रावळीत माती भरतात, सात धान्यं पेरतात, घटाला रोज पाणी घालतात. सासूबाईंना त्यात देवी दिसते, वहिनींना उगवणारं धान्य हेच दैवत दिसतं. माती एकच, पाणी एकच. एक दिवस त्यांनी सासूबाईंना एवढंच म्हटलं, “आत्या, मला अंकुरातच ती दिसते.” सासूबाई म्हणाल्या, “मग बरं की.” त्या दिवसापासून घरात नास्तिक हा शब्द कुणी काढला नाही. सगळ्या घरांत असं होईल असं मी म्हणणार नाही. पण मोठा शब्द सांगण्याआधी साधं वाक्य सांगून बघावं. ऐकणाऱ्याला ते लवकर कळतं.

तर मैत्रिणींनो, येत्या बैठकीत बचत जमा झाली की पाच मिनिटं काढा. प्रत्येकीने एकच वाक्य बोलायचं: ‘मला स्वतःला असं वाटतं, की...’ कुणी खंडोबा म्हणेल, कुणी बुद्ध, कुणी अल्ला, कुणी काहीच नाही म्हणेल, कुणी माती म्हणेल. कुणी कुणाला दुरुस्त करायचं नाही आणि इतिवृत्तात काही लिहायचं नाही. जनगणनेचा माणूस दारात आला की कर्त्याच्या शेजारी आपणही उभं राहू. त्याने धर्म विचारला, तर आपलं उत्तर आपणच देऊ.