दुःखाला पुस्तकाची सोबत

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्यापैकी बहुतेकजण पुस्तकांच्या दुकानाची पायरी वर्षातून एकदाच चढतात, तीही जूनमध्ये क्रमिक पुस्तके आणि गाईड घेण्यासाठी. पण दुखावलेल्या मनाला तेथे औषध मिळते, हे मला आज सांगायचे आहे.

आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणादेवीचे नाव सर्वांना ठाऊक आहे. तेथील शके ११२८ चा शिलालेख सांगतो की, भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी तेथे मठ स्थापन केला. त्या ग्रंथांपैकीच एक म्हणजे ‘लीलावती’. अकबराच्या दरबारातील कवी फैजी याने १५८७ मध्ये त्याचे फारसीत भाषांतर केले आणि त्याच्या आरंभी एक आख्यायिका दिली. लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी. विवाहाचा मुहूर्त पाहण्यासाठी पाण्यात घटिकापात्र ठेवले होते. तिच्या अंगावरचा एक मोती त्यात पडला, छिद्र बुजले आणि मुहूर्त टळून गेला. खचलेल्या मुलीला बाप म्हणाला, “तुझ्या नावाने असा ग्रंथ लिहीन की तो कायम टिकेल.” ही कथा इतिहास म्हणून सिद्ध झालेली नाही. मात्र त्या ग्रंथात भुंग्यांची, मोर-सापाची, तुटलेल्या मोत्यांच्या हाराची उदाहरणे आहेत. रुक्ष गणिताची गोडी लागावी, म्हणूनच ना!

आता दुसरे उदाहरण पाहू. माजी राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम विद्यार्थी असताना त्यांना गावी जाण्यासाठी पैसे हवे होते. बक्षीस मिळालेले एक मोलाचे पुस्तक विकण्यासाठी ते मद्रासच्या मूर मार्केटमधील जुन्या पुस्तकांच्या दुकानात गेले. दुकानदाराने पैसे दिले, पण पुस्तक विकले नाही. पैसे आणून दे आणि पुस्तक घेऊन जा, असा शब्द दिला. त्याच बाजारातून १९५३ साली घेतलेले दुसरे एक पुस्तक त्यांना जन्मभर सोबत करीत राहिले. दुःखात ते डोळे पुसते आणि आनंदात मन ताळ्यावर ठेवते, असे ते सांगत. मूर मार्केट १९८५ मध्ये जळाले, परंतु तेथे जडलेले प्रेम जळाले नाही.

पालकहो, सोयरीक मोडली, मुलगा दहावीला नापास झाला किंवा घरातले छत्र हरपले की आपण काय करतो? मुलीला घरी बसवतो, मुलाला बोल लावतो. तेव्हा त्यांना पुस्तकांपर्यंत न्यावे, हे आपल्याला सुचत नाही. जिचे लग्न मोडले तिच्या हाती नवे स्थळ देण्याआधी एक पुस्तक द्या. नवे प्रेम माणसावरच बसले पाहिजे असे नाही. ते एखाद्या विषयावर, विद्येवरही बसते, आणि त्या प्रेमाने माणूस पुन्हा उभा राहतो.

माझी एकच विनंती आहे. यंदाच्या ईदीतून थोडी रक्कम बाजूला काढा, मुलामुलींना दुकानात घेऊन जा आणि अभ्यासक्रमाबाहेरचे एक पुस्तक त्यांना स्वतः निवडू द्या. ते मराठी असो वा उर्दू. घाई करू नका, पाने चाळू द्या. ज्यांना हे परवडत नसेल त्यांच्यासाठी शाळेचे ग्रंथालय सुटीतही उघडे राहावे, अशी संस्थेला विनंती आहे.