उशिराचा उपचार : निर्णय कोणी करावा?



स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, रसायनोपचाराचे फेरे पुरे झाले, स्त्री पुन्हा कामाला लागली; आणि वर्ष-दीड वर्षाने तिला कळते की, तिच्या प्रकारच्या रोगावर आणखी एक औषध होते, ते तिला मिळालेच नाही. बारामतीच्या बागायती पट्ट्यात काय किंवा इंदापूरच्या उजनीकाठी काय, अशा स्त्रीपुढे प्रश्न उभा राहतो : ते औषध आता मागावे, की झाले गेले म्हणून सोडून द्यावे?

प्रथम औषधाविषयी. स्तनाचा कर्करोग झालेल्या शंभर स्त्रियांपैकी साधारण १५ ते २० जणींच्या गाठीत 'हर-टू' हे प्रथिन प्रमाणाबाहेर असते. असा रोग वेगाने वाढतो आणि उलटण्याची भीतीही अधिक. ट्रास्टुझुमॅब हे औषध नेमके त्या प्रथिनावर काम करते. २००५ मध्ये जाहीर झालेल्या मोठ्या चाचण्यांनी दाखविले की, शस्त्रक्रियेनंतर रसायनोपचाराच्या जोडीने किंवा त्यापाठोपाठ ते वर्षभर दिल्यास रोग उलटण्याचा धोका जवळजवळ निम्म्यावर येतो.

मग ते अनेकींना वेळेवर का मिळाले नाही? याचे उत्तर वैद्यकशास्त्रात नसून अर्थव्यवहारात आहे. १९७० च्या कायद्याने औषधांवरील वस्तू-पेटंट बंद केले होते. २००५ च्या दुरुस्तीने ते परत आणले. रोश कंपनीच्या या औषधाची ४४० मिलिग्रॅमची कुपी भारतात लाखाहून अधिक रुपयांना विकली जाई. २०१२ मध्ये ते स्वस्त व्हावे म्हणून मोहीम उभी राहिली; सरकारदरबारी सक्तीच्या परवान्याचा विचार सुरू झाला; २०१३ मध्ये कंपनीने भारतातील पेटंटाचा पाठपुरावा सोडला; आणि २०१४ च्या आरंभी बायोकॉनची कुपी ५७,५०० रुपयांना बाजारात आली. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध अत्यावश्यक यादीत घातले. तात्पर्य, ज्याला आपण रुग्णाची दिरंगाई म्हणतो, ती पुष्कळदा किमतीने लादलेली दिरंगाई असते.

परंतु अन्याय झाला म्हणून उशिराचे औषध गुणकारीच ठरेल, असे मात्र नाही. येथे पुरावाच पाहिला पाहिजे. 'हेरा' या आंतरराष्ट्रीय चाचणीत ज्यांना आधी औषध दिले नव्हते, त्यांना २००५ नंतर ते देऊ करण्यात आले. ८८५ स्त्रियांनी ते घेतले. चाचणीत दाखल झाल्यापासून मध्यंतरी सरासरीने सुमारे २३ महिने लोटले होते. ज्यांनी घेतले नाही त्यांच्या तुलनेत या स्त्रियांत रोग उलटण्याचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळले. तथापि हे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, स्वेच्छेने बनलेले होते. म्हणून हा पुरावा आशा देतो, हमी देत नाही.

यावरून निर्णयाची दिशा ठरते. काखेतील गाठींत रोग पोहोचला होता आणि उपचार संपून थोडाच काळ लोटला आहे, अशा स्त्रीने विनाविलंब कर्करोगतज्ज्ञाला विचारावे. गाठ अगदी लहान होती आणि बरीच वर्षे निर्वेध गेली असतील, तर लाभ अल्प. तेथे औषध न घेणे हाही शहाणपणाचाच निर्णय ठरू शकतो. हृदयावर परिणाम होण्याचा धोका असल्याने सोनोग्राफीसारखी हृदयाची तपासणी आधी आणि पुढे ठरावीक अंतराने करावी लागते. दर तीन आठवड्यांनी एक, असे वर्षभरात १७-१८ डोस; बारामतीहून पुणे शंभर किलोमीटर, इंदापूरहून त्याहूनही दूर. प्रत्येक फेरीला प्रवासखर्च, आणि दोघांचा रोज बुडतो. 'पर्सेफोनी' या ब्रिटिश चाचणीत सहा महिन्यांचा उपचारही वर्षभराच्या तोडीचा ठरला. ज्यांना वर्ष झेपत नाही, त्यांनी हा मुद्दा डॉक्टरांपुढे अवश्य ठेवावा.

कार्यकर्त्याने येथे वैद्य होऊ नये. त्याचे काम वेगळे आहे. 'हर-टू'चा अहवाल आहे काय, ते पाहावे. नसल्यास शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयात मेणात जतन केलेल्या गाठीच्या तुकड्यावरून तो करून घेता येईल काय, ते विचारावे. अहवाल अनिश्चित आला तर पुढील चाचणीचा आग्रह धरावा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हा उपचार कोणत्या रुग्णालयात बसतो याची लेखी चौकशी करावी. सावकाराकडून कर्ज काढण्यापूर्वी एवढे झालेच पाहिजे.

आणि अखेरचा शब्द त्या स्त्रीचा असावा. घरातील कर्त्या पुरुषाने "एवढा खर्च कशाला" म्हणून तो परस्पर घेऊ नये, तसेच भावनेच्या भरात "काहीही करा" म्हणून तिच्यावर लादूही नये. तिला लाभ किती, धोका किती, खर्च किती हे तिच्या भाषेत समजले पाहिजे. त्यानंतर ती 'हो' म्हणो वा 'नको', तो तिचा निर्णय असेल. आज अनेकींच्या बाबतीत तो कुपीच्या किमतीने घेतला जातो. ही स्थिती बदलणे हे आपले काम आहे.