उपराष्ट्रपतीचे आसन

भारताला एक उपराष्ट्रपती असेल, एवढेच राज्यघटनेचे ६३ वे कलम सांगते. त्याने करावयाचे काय, ते पुढच्या दोन कलमांत येते. एरवी राज्यसभेचे सभापतिपद भूषवावे, आणि राष्ट्रपतीचे स्थान रिकामे झाल्यास नवी निवड होईपर्यंत ते सांभाळावे. गंमत अशी की उपराष्ट्रपती म्हणून त्याला वेतनच नाही. मिळते ते सभापती या नात्याने. अमेरिकेत अध्यक्ष दिवंगत झाला, तर उपाध्यक्ष उरलेल्या मुदतीपुरता स्वतःच अध्यक्ष होतो. आपल्या घटनाकारांनी तो मार्ग पत्करला नाही. सहा महिन्यांच्या आत नवा राष्ट्रपती निवडावा लागतो. तोवर उपराष्ट्रपती त्या आसनाचा विश्वस्त असतो, परंतु अधिकार मात्र पूर्ण राष्ट्रपतीचे असतात.

डॉ. राधाकृष्णन यांनी १९५२ पासून दहा वर्षे हे पद सांभाळले व त्याला विद्वत्तेची प्रतिष्ठा दिली. पदाची कसोटी लागली ती पुढे. मे १९६९ मध्ये डॉ. झाकीर हुसेन निवर्तले. कार्यभार पाहणारे वराहगिरी व्यंकट गिरी राष्ट्रपतिपदासाठी उभे राहण्याकरिता पायउतार झाले, आणि दोन्ही आसने एकदम रिकामी पडली. अशा प्रसंगी सरन्यायाधीशाने कारभार पाहावा, असा कायदा संसदेने त्याच वर्षी केला होता. त्यानुसार नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकलेल्या न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी महिनाभर ती धुरा वाहिली. दहा वर्षांनी तेच उपराष्ट्रपती झाले.

तथापि विश्वस्ताची खरी अडचण दिसली ती बसप्पा दानप्पा जत्ती यांच्या वाट्याला आलेल्या साडेपाच महिन्यांत. आज बेंगळुरूच्या कोरमंगलासारख्या वस्तीत राहणाऱ्या मराठी श्रोत्यास हे नाव परके वाटू नये. जत्ती जमखंडीचे, म्हणजे पटवर्धनांच्या संस्थानातले. कायद्याचे शिक्षण कोल्हापुरात झाले. १९४८ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाल्यावर ते मुंबईच्या राजकारणात आले, आणि मोरारजी देसाई यांच्या मंत्रिमंडळात उपमंत्री झाले. राज्यपुनर्रचनेनंतर १९५८ ते १९६२ ते म्हैसूरचे मुख्यमंत्री होते, आणि १९७४ मध्ये उपराष्ट्रपती झाले.

फेब्रुवारी १९७७ मध्ये राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांचे निधन झाले. मार्चमध्ये आणीबाणी मागे घेतली गेली, आणि ज्यांच्या हाताखाली जत्तींनी एकेकाळी काम केले होते, त्याच मोरारजींना त्यांनी पंतप्रधानपदाची शपथ दिली. एप्रिलच्या अखेरीस नऊ राज्यांच्या विधानसभा बरखास्त करण्याचा सल्ला मंत्रिमंडळाने दिला. तेथे काँग्रेसची सरकारे होती, आणि लोकसभेच्या निवडणुकीत त्या पक्षाचा तेथे धुव्वा उडाला होता. सर्वोच्च न्यायालयाने २९ एप्रिलला राज्यांचे अर्ज फेटाळले, तरीही जत्तींचा हात लगेच सहीकडे वळेना. एका दिवसाची ही खळखळ देशभर गाजली.

त्यांना दोष देणे सोपे होते, पण पेच साधा नव्हता. ४२ व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतीवर उघडपणे बंधनकारक केलेला. फेरविचारासाठी तो एकदा परत धाडण्याची सोय ४४ व्या दुरुस्तीने पुढे १९७८ मध्ये केली. म्हणजे जत्तींपुढे दोनच वाटा होत्या, सही करणे किंवा खुर्ची सोडणे. त्यातून ते स्वतः तात्पुरते. निवडून आलेल्या राष्ट्रपतीचा नैतिक आधारही पाठीशी नाही. एवढ्या अल्पाधिकारात दिवसभर थांबून विचार करणे याला दुबळेपणा म्हणता येणार नाही. ३० एप्रिलला त्यांनी सही केली.

जुलैमध्ये नीलम संजीव रेड्डी बिनविरोध राष्ट्रपती झाले. राष्ट्रपतिभवनातून निघालेले जत्ती पुन्हा राज्यसभेच्या सभापतीच्या आसनावर जाऊन बसले, आणि ऑगस्ट १९७९ पर्यंत, मुदत पुरी होईतो, सदस्यांना बोलण्याची पाळी देत राहिले. २००२ साली बेंगळुरूत त्यांचे निधन झाले.