शिक्षेत रोग लिहिलेला नसतो

(हिंगोली जिल्ह्यातील नवदीक्षित बौद्ध कुटुंबांसमोर वर्षावासात केलेले भाषण)



विहारात बसून तुरुंगाविषयी बोलावे, हे आपणांपैकी काहींना रुचणार नाही. धम्मदीक्षा घेऊन ज्यांना अजून वर्षही लोटलेले नाही, त्यांच्यापुढे शील आणि प्रज्ञा ह्यांविषयी बोलावे, चोर-दरोडेखोरांच्या जागेविषयी कशाला बोलावे, असा प्रश्न सभेपूर्वी मला एका वयोवृद्ध उपासकांनी केला. मी त्यांना एवढेच म्हणालो, की बाबा, आपल्या गावातील किती घरांनी तुरुंगाचे फाटक पाहिले आहे, ते मोजा. ते मोजू लागले आणि एका हाताची बोटे संपल्यावर गप्प झाले.

तुरुंगात असतो तो गुन्हेगारच, ही समजूत प्रथम मनातून काढून टाकली पाहिजे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ सालाच्या अखेरीस देशातील कारागृहांत ४,३६,२६६ माणसांची सोय होती आणि आत माणसे होती ५,७३,२२०. म्हणजे १०० जणांच्या जागेत १३१. त्यांतील ४,३४,३०२ हे कच्चे कैदी होते. दर चार बंद्यांपैकी तिघांचा गुन्हा कोणत्याही न्यायालयाने अद्याप शाबीत केलेला नव्हता. त्याच वर्षी कारागृहांत १,९९५ माणसे मरण पावली आणि त्यांपैकी १,७७३ मृत्यू 'नैसर्गिक' ह्या सदरात मोडले गेले. आजाराने आलेला मृत्यू ह्याच सदरात जातो.

ह्या सदरामागे माणसे असतात. गडचिरोली जिल्ह्यातील पांडू नरोटे ह्या आदिवासी तरुणास २०१७ साली जन्मठेप झाली. त्यांचे अपील उच्च न्यायालयात पडून होते. ऑगस्ट २०२२ मध्ये नागपूरच्या कारागृहात असताना आजारी पडून ते मरण पावले. पुढे ५ मार्च २०२४ रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्या खटल्यातील सर्वांना निर्दोष ठरविले. तो निकाल ऐकण्यास ते नव्हते. न्यायाधीश शिक्षा देतो तेव्हा 'सहा महिने कैद' असे लिहितो. 'सहा महिने कैद आणि क्षयरोग' असे कोणत्याही निकालपत्रात मी आजवर वाचलेले नाही.

आता माझ्या हातून घडलेली एक चूक आपणांस सांगतो. कळमनुरी तालुक्यातील एक तरुण मारामारीच्या गुन्ह्यात अटकेत गेला आणि त्याचे वकीलपत्र मी घेतले. फिर्याद वाचली, साक्षीदारांची नावे पाहिली, जामिनाचा अर्ज लिहिला. कायद्याच्या दृष्टीने त्या अर्जात काही उणे नव्हते. मात्र त्या तरुणास क्षयरोग असून त्याच्या गोळ्यांचा तिसरा महिना चालू आहे, ही गोष्ट त्यात नव्हती, कारण मी ती विचारलीच नव्हती. त्याने ती सांगितली नाही, कारण बराकीत कोणी जवळ झोपू देणार नाही अशी त्याला भीती होती. त्याच्या आईने सांगितली नाही, कारण धाकट्या मुलीची सोयरीक जुळत आली होती. गोळ्या घरी पत्र्याच्या डब्यात राहिल्या. पहिला अर्ज फेटाळला गेला. पाच आठवड्यांनी त्याला तारखेस आणले, तेव्हा तो आरोपीच्या पिंजऱ्यात तोंडाला रुमाल लावून उभा होता आणि रुमालावर रक्त होते.

मग आजारी म्हणून त्याला जामीन मिळाला, औषध पुन्हा सुरू झाले आणि आज तो जिवंत आहे. परंतु बराकीत त्याच्या डाव्या-उजव्या बाजूस वीतभर अंतरावर जे दोघे झोपत होते, त्यांची तपासणी झाली की नाही, ह्याची चौकशी मी केली नाही. त्यांची नावेही मला ठाऊक नाहीत. तेही कोणाचे तरी अशील असतील, कोणाचे तरी पुत्र असतील. त्या दोघांचे ऋण फेडावे, म्हणून मी हा विषय आज घेतला आहे.

क्षयरोग खोकल्यातून हवेत जातो. कोंदट खोलीत दाटीने झोपणाऱ्यांस तो लवकर गाठतो. त्याचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते आणि साध्या क्षयास ते सहसा सहा महिने घ्यावे लागते. औषध मध्येच तुटले, तर जंतू त्याला दाद देईनासा होतो आणि मग उपचार अधिक लांबचा व कठीण होतो. अटक आणि सुटका हे असे दोन दिवस आहेत, की ज्या दिवशी गोळी हमखास चुकते. खरजेचीही तीच कथा. एकट्यास मलम देऊन भागत नाही. सर्व बराकीला एकाच वेळी औषध लावून कपडे व अंथरूण गरम पाण्याने धुतले पाहिजे. काविळीचे दोन प्रकार आणि एड्सचा विषाणू हे रक्तातून जातात. एका वस्तऱ्याने दहा जणांची दाढी झाली, किंवा एकाच सुईने चौघांनी गोंदवून घेतले, की त्यांना वाट मिळते. आपल्या तरुणांना हातावर 'जय भीम' गोंदवून घेण्याची हौस असते. त्यांना माझे सांगणे आहे, की बाबासाहेबांचे नाव दुसऱ्याच्या रक्ताने माखलेल्या सुईने लिहून घेऊ नका.

हा रोग आतल्या लोकांचा आहे, आपणांस काय त्याचे, असे कोणी म्हणेल. परंतु भिंत माणसास अडविते, रोगास अडवीत नाही. इंग्लंडात ऑक्सफर्ड येथे १५७७ साली कैद्यांना न्यायालयात उभे केले असता तुरुंगातील ज्वर न्यायासनापर्यंत पोहोचला आणि न्यायाधीश, पंच व नगरजन मिळून सुमारे ३०० माणसे दगावली. आपल्या काळातील उदाहरण २०२० सालचे आहे. मुंबईच्या आर्थर रोड कारागृहात ८०४ जणांची सोय असता दोन हजारांहून अधिक बंदी होते. मे महिन्यात तेथे करोना शिरला आणि थोड्याच दिवसांत शंभरांहून अधिक बंदी व कर्मचारी बाधित झाले. तेव्हा राज्याच्या उच्चाधिकार समितीने सुमारे १७,००० बंदी तात्पुरते सोडण्याचे ठरविले. गर्दी हीच रोगाची जननी आहे, हे शासनाने त्या वेळी मान्य केले.

आणि त्याच वर्षी आपल्या हिंगोलीत काय झाले? मालेगाव व मुंबई येथील बंदोबस्त आटोपून परतलेले राज्य राखीव पोलीस बलाचे जवान बाधित निघाले. जवान हा कैदी नव्हे. तो धडधाकट आणि शिस्तीचा माणूस. परंतु तोही दहा जणांबरोबर राहतो, जेवतो आणि झोपतो. रोग वर्दी पाहत नाही आणि कैद्याचा क्रमांकही पाहत नाही. तो फक्त दोन माणसांमधील अंतर पाहतो.

तेव्हा कैद्याच्या आरोग्याची काळजी ही दया आहे की हक्क आहे? कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. संविधानाचा २१वा अनुच्छेद प्रत्येक व्यक्तीच्या जीविताचे रक्षण करतो. तेथे 'तुरुंगाबाहेरील व्यक्ती' असा शब्द नाही. इंग्रजांनी केलेल्या १८९४ च्या कारागृह कायद्यातसुद्धा आत येणाऱ्या कैद्याची तपासणी, आजाऱ्याची वर्दी, प्रत्येक कारागृहास रुग्णालय आणि साथ आल्यास तात्पुरती निराळी जागा, अशी कलमे होती. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ५३व्या कलमाप्रमाणे अटक झालेल्याची वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे आणि त्या अहवालाची प्रत त्याला किंवा तो सांगेल त्या माणसास मिळाली पाहिजे. ४८०व्या कलमात आजारी व दुर्बल आरोपीस जामीन देताना विशेष विचार करण्याची मुभा न्यायालयास आहे. एच.आय.व्ही. व एड्सविषयी २०१७ साली झालेल्या कायद्याने शासनाच्या ताब्यातील प्रत्येकास प्रतिबंध, सल्ला, तपासणी आणि उपचार ह्यांचा हक्क दिला असून संमतीवाचून तपासणी करण्यास मनाई केली आहे.

डॉक्टरच्या कागदाची किंमत परभणीने आपणांस शिकविली आहे. १० डिसेंबर २०२४ रोजी तेथे संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. पुढील धरपकडीत कायद्याचे विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी ह्यांना अटक झाली आणि १५ डिसेंबर रोजी न्यायालयीन कोठडीत असता ते मरण पावले. शवविच्छेदनात त्यांच्या अंगावरील अनेक जखमांची नोंद झाली. ती नोंद होती, म्हणून त्यांच्या मातेला न्यायालयात उभे राहता आले. जुलै २०२५ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. मृत्यूनंतरच्या कागदाचे हे बळ असेल, तर जिवंतपणी, फाटकावरच लिहिलेल्या कागदाचे बळ किती असेल, ह्याचा विचार करा.

तुरुंगातील घाण कोणी काढावी, हाही आरोग्याचाच प्रश्न आहे. ज्या कामात रोगाचा संसर्ग अधिक, ते काम पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्या वाट्यास आले, हे आपणांस सांगण्याची गरज नाही. पत्रकार सुकन्या शांता ह्यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जातीवरून कामे वाटण्याचे कारागृहांतील नियम संविधानविरोधी ठरविले आणि कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाकण्यास सांगितले. गावकीची कामे आपण सोडली. ती तुरुंगात पुन्हा आपल्या माणसाच्या माथी मारली गेली, तर तक्रार करणे हे आपले कर्तव्य आहे.

आता एका नाजूक गोष्टीकडे वळतो. आपण पंचशील घेतले आहे. बाबासाहेबांनी १९५६ साली नागपूरला दिलेल्या २२ प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. म्हणून घरातील एखाद्याची दारू सुटली नसेल, तर आपण ते झाकून ठेवतो. असा माणूस अटकेत गेला, की त्याची दारू एकाएकी बंद होते. पुष्कळ वर्षे रोज भरपूर पिणाऱ्यास त्यामुळे दोन-तीन दिवसांत कंप सुटतो, भ्रम होतो, झटके येतात आणि वेळीच औषध न मिळाल्यास प्राणही जातो. बाहेरच्यास वाटते, हा ढोंग करतो आहे. त्या वेळी 'साहेब, हा रोज पितो, ह्याला डॉक्टरला दाखवा' एवढे एक वाक्य त्याच्या पत्नीने लाज सोडून सांगितले, तर तो वाचतो. सुईने नशा करणाऱ्यांचेही तसेच आहे. स्वित्झर्लंडमधील हिंडेलबँक ह्या स्त्रियांच्या तुरुंगात १९९४ पासून कोऱ्या सुया देण्याचा प्रयोग झाला. दिल्लीच्या तिहार कारागृहात अफूजन्य नशेच्या रुग्णांवर औषधी गोळ्यांचा उपचार सुरू झाला. २०१७ च्या कायद्याचे २२वे कलम सांगते, की एच.आय.व्ही.चा धोका कमी करण्यासाठी केलेले असे उपाय गुन्हा ठरणार नाहीत. ह्यास हानी कमी करणे म्हणतात. व्यसन सुटेपर्यंत माणूस जगला तरच ते सुटेल, एवढाच त्याचा अर्थ आहे. शील हे ज्याने घेतले त्याने पाळावयाचे व्रत होय. ते दुसऱ्यास रोगाच्या हवाली करण्याचे हत्यार नव्हे.

तेव्हा प्रत्येक घराने काही गोष्टी ध्यानी धराव्यात. अटक होताच आजार, औषध आणि व्यसन ह्यांची माहिती लेखी द्यावी. पोलिसांना द्यावी, पहिल्या हजेरीस न्यायदंडाधिकाऱ्यांना द्यावी, कारागृहाच्या डॉक्टरांना द्यावी आणि वकिलाने विचारले नाही तरी वकिलास सांगावी. उपचाराचे कार्ड घरात ठेवू नये, त्याची प्रत सोबत द्यावी. वकील परवडत नसेल, तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे कोठडीतील प्रत्येकास मोफत वकील मिळतो. नवदीक्षितांस धास्ती असते, की कागदावर 'बौद्ध' लिहिले तर हक्क जाईल. कोठडीतील माणसाच्या ह्या हक्कास जातीचा दाखलाच लागत नाही. शिवाय अनुसूचित जातींच्या सवलती बौद्धांना १९९० च्या दुरुस्तीने मिळालेल्या आहेत. म्हणून धर्म विचारल्यास निर्भयपणे 'बौद्ध' असे लिहावे.

मुलाखतीस जाल तेव्हा केवळ तारीख विचारून परतू नका. खोकला आहे काय, अंगास खाज आहे काय, गोळ्या मिळतात काय, हे तीन प्रश्न विचारा. आपला माणूस सुटून येईल, त्या दिवशी उपचाराचे कागद मागून घ्या आणि हारतुऱ्यांपूर्वी त्याला सरकारी दवाखान्यात न्या. दीर्घ खोकला असेल, तर घरातील सर्वांची तपासणी करा. आणि विहारात त्याला सर्वांबरोबर बसवा. अस्पृश्यतेचा अर्थ ज्यांना कोणी समजावून सांगावा लागत नाही, त्यांनी नवी अस्पृश्यता निर्माण करू नये.

भगवान बुद्धांच्या चरित्रातील एक प्रसंग सांगून मी आपली रजा घेतो. एक भिक्षू अतिसाराने आपल्याच घाणीत पडून होता. बुद्धांनी विचारले, की ह्याची शुश्रूषा कोणी का करीत नाही? उत्तर आले, की हा इतर भिक्षूंच्या काही उपयोगाचा नाही. तेव्हा भगवंतांनी आनंदाकडून पाणी आणविले, आनंदासह त्या भिक्षूस धुतले, उचलून मंचकावर निजविले आणि संघास समजावले, की येथे तुमची आई नाही, बाप नाही. तुम्ही एकमेकांची सेवा केली नाही, तर ती कोण करणार?

बराकीत पडलेल्या आपल्या माणसाजवळही आई नाही, बाप नाही. तो निर्दोष आहे की दोषी आहे, हे न्यायालय ठरवील. तो आजारी आहे, हे मात्र आपण सांगावयाचे आहे, आणि ते फाटकावर, पहिल्याच दिवशी सांगावयाचे आहे.

नमो बुद्धाय. जय भीम.