स्पेलिंग चुकलं म्हणून मत बाद?

अमेरिकेत विद्यमान सिनेटर स्वतःच्याच पक्षाच्या उमेदवारीत हरला, की बहुतेक वेळा विषय तिथेच मिटतो. अलास्का राज्यात २०१० साली तो मिटला नाही.

लिसा मुर्कोव्स्की रिपब्लिकन पक्षाच्या सिनेटर. ऑगस्टमधल्या पक्षांतर्गत निवडणुकीत जो मिलर यांनी त्यांना सुमारे दोन हजार मतांनी हरवलं. म्हणजे नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर त्यांचं नाव छापलं जाणार नव्हतं. पण तिथे मतपत्रिकेवर एक कोरी ओळ असते. मतदाराने शेजारचा लंबगोल भरायचा आणि त्या ओळीवर हवं ते नाव स्वतःच्या हाताने लिहायचं. बाईंनी ठरवलं, त्या ओळीवर लढायचं.

आता हे आडनाव रोमन लिपीत नऊ अक्षरांचं! महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांच्या रेशनकार्डावर आडनाव धड छापलंय, तेवढं आठवा, जोखीम कळेल. जाहिरातींमधून स्पेलिंग शिकवलं गेलं, नाव छापलेले मनगटी पट्टे वाटले गेले.

मतमोजणी राजधानी ज्युनोमध्ये, हाताने. अक्षर इकडचं तिकडे दिसलं, की मिलर यांच्या माणसांचा आक्षेप. अशा मतपत्रिका आठ हजारांवर गेल्या. त्यांचं म्हणणं, कायद्यानुसार नाव अर्जात आहे तसंच हवं. हा युक्तिवाद मला हास्यास्पद वाटत नाही. कायद्याचे शब्द तसे वाचता येत होते. पण त्याची झळ कोणाला बसली असती? मूळनिवासींच्या गावांतून मुर्कोव्स्कींना मोठा पाठिंबा होता, आणि तिथल्या कित्येक घरांत इंग्रजी ही पहिली भाषाच नाही.

आपल्याकडे १९५१-५२ मध्ये हा प्रश्न आधीच ओळखला होता. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर चिन्ह. मतदाराने कागद आत टाकायचा, लिहायचं काहीच नाही.

अलास्काच्या सर्वोच्च न्यायालयाने २२ डिसेंबरला मतदाराचा हेतू महत्त्वाचा मानला. मुर्कोव्स्की सुमारे दहा हजार मतांनी पुढे होत्या. आक्षेपाची सगळी मतं वगळली तरी दोन हजारांची आघाडी उरत होती. नाव लिहून घेऊन सिनेट जिंकण्याचा असा प्रकार १९५४ नंतर प्रथमच घडला. ३० डिसेंबरला निकालावर शिक्कामोर्तब झालं.